बास्केटबॉल हेच काम म्हणून करायचं असेल तर १५ ते २५ या दहा वर्षांत नेमकं काय काय व्हावं लागतं?

वृषाली_सांगली

नमस्कार मंडळी. मुलगा दहावीत आहे, वय १५ वर्षं ४ महिने, उंची ६ फूट २ इंच. शालेय स्पर्धांत यंदा विभागापर्यंत पोचला. संघात सेंटरला खेळतो. त्याला बास्केटबॉल हेच काम म्हणून करायचं आहे.

मला पायऱ्या समजून घ्यायच्या आहेत. कुठल्या वयात काय हातात असावं लागतं, कुठलं दार कधी बंद होतं, आणि पैसे कुठे आणि किती मिळतात? अकरावीला कुठली शाखा घ्यायची हेही त्यावर ठरेल. अमेरिकेतल्या कॉलेजची शिष्यवृत्ती खरंच मिळते का, त्यासाठी आत्तापासून काय करायला हवं? अकादमीवाले सांगतात ते सगळं गोड असतं. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

---

बोर्डखाली_नागपूर

वृषालीताई, आधी शिखर मोजून घेऊ, म्हणजे बाकीच्याचा अंदाज येईल.

एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, ३० संघ. प्रत्येकात पूर्ण कराराच्या १५ जागा, म्हणजे ४५०. त्याशिवाय संघामागे ३ ‘टू-वे’ (वरचा संघ आणि त्याचा खालच्या लीगमधला संघ, दोन्हींकडे खेळायच्या) जागा, म्हणजे ९०. सगळ्या जगासाठी एवढ्याच. ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडणं, दोन फेऱ्यांचा, वर्षाला ६० नावं. एखाद्या संघाने नियम मोडला तर त्याची निवड काढून घेतात, मग एखाददोन कमी. ज्या वर्षी ड्राफ्ट आहे त्या वर्षात खेळाडूला १९ वं पूर्ण व्हावं लागतं आणि अमेरिकेत शिकलेल्याची शाळा सुटून एक मोसम उलटलेला असावा लागतो. हा नियम २००६ च्या ड्राफ्टपासून आहे. त्यामुळे कोबी ब्रायंट १९९६ ला किंवा लेब्रॉन जेम्स २००३ ला शाळेतून थेट गेले तसं आता जाता येत नाही. अमेरिकेबाहेर खेळणारा मुलगा ज्या वर्षी २२ चा होतो त्या वर्षी आपोआप ड्राफ्टला पात्र धरला जातो. त्याआधी जायचं तर नाव स्वतः द्यावं लागतं, आणि ठरलेल्या मुदतीत ते मागेही घेता येतं.

निवड झाली म्हणजे नोकरी पक्की, असं मात्र नाही. पहिल्या फेरीतल्याला दोन वर्षांच्या पगाराची हमी असते. तिसरं आणि चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीतल्याला हमी कसलीच नाही. पंजाबचा सतनाम सिंग २०१५ ला ५२ व्या क्रमांकावर डॅलसने घेतला, ड्राफ्टमधून निवडला गेलेला पहिला भारतीय. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तो डॅलसच्या खालच्या संघात, टेक्सस लेजंड्सकडे खेळला. उलट निकोला योकिच २०१४ ला ४१ व्या क्रमांकावर गेला. त्याचं नाव पुकारलं तेव्हा अमेरिकेत टीव्हीवर जाहिरात चालू होती. डेन्व्हरने त्याचे हक्क राखून त्याला आणखी एक वर्ष सर्बियातल्या मेगा क्लबातच खेळू दिलं. त्या वर्षी तो एड्रियाटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, मग अमेरिकेत गेला, आणि २०२१, २०२२ आणि २०२४ ला एनबीएचा सर्वोत्तम. घाई न करता जिथे रोज ३० मिनिटं मैदानावर मिळतात तिथे थांबणं, हे या वयात सगळ्यात उपयोगी असतं. मोठ्या नावाच्या संघात बाकावर बसून खेळ वाढत नाही.

तुमच्या मुलाने ज्याचा रस्ता नीट पाहावा तो ॲलेक्स करूसो. टेक्सस ए अँड एमकडे चार वर्षं कॉलेज खेळला, २०१६ च्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नाही. एक मोसम ओक्लाहोमा सिटी ब्लू या जी लीगच्या (एनबीएखालच्या लीगच्या) संघात काढला, २०१७ ला लेकर्सचा टू-वे करार मिळाला, २०२० ला लेकर्सबरोबर आणि २०२५ ला ओक्लाहोमा सिटीबरोबर विजेतेपद. गुणांच्या आकड्यांवर तो कधीच टिकला नाही. ताऱ्याच्या हातात चेंडू असताना उरलेल्या चौघांनी काय करायचं, हे त्याला इतरांपेक्षा चांगलं येतं: समोरच्याचा सर्वांत चांगला गार्ड अडवणं, मदतीला वेळेवर येणं, कोपऱ्यातून मोकळा शॉट घालणं, चेंडू न गमावणं. जी लीगमध्ये सामन्याला २५ गुण करणारे खूप आहेत. वरच्या संघाला आणखी एक २५ गुणवाला नको असतो, त्यांना नेमकं एक काम करणारा माणूस हवा असतो.

आता तुमच्या मुलाचं. आपल्याकडे वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाला बास्केटखाली उभं करतात आणि तो तिथेच राहतो. ६ फूट २ इंचांचा सेंटर जिल्ह्यात चालतो, राष्ट्रीय स्पर्धेत अडखळतो आणि परदेशात त्याला जागाच नाही. त्या उंचीचा खेळाडू तिकडे पॉईंट गार्ड असतो, म्हणजे चेंडू वर आणून खेळ चालवणारा. म्हणजे आजपासून डाव्या हाताने ड्रिबल, दबावाखाली चेंडू वर आणणं, पिक अँड रोल (सहकाऱ्याने बचावपटूची वाट अडवून बास्केटकडे वळणं) वाचणं आणि ६.७५ मीटरवरून शॉट. एनबीएची तीन गुणांची रेषा ७.२४ मीटरवर आहे, पण फिबा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) आणि अमेरिकी पुरुष कॉलेज दोन्हींची ६.७५.

घरी करता येईल अशी एक चाचणी: रेषेबाहेर पाच जागा, प्रत्येक जागेवरून दहा शॉट, असे पन्नास. हे सरावाच्या शेवटी, दमल्यावर मोजायचं, आणि दर आठवड्याला तारखेसह वहीत लिहायचं. कुणी अडवत नसताना पन्नासात २५ सुद्धा जात नसतील तर सामन्यात ते १५ वर येतात. ३५ च्या पुढे सातत्याने जायला लागले की प्रशिक्षक त्याच्यासाठी आखणी करतो.

आणि बचावातली एक गोष्ट जवळून बघा: चेंडू कोपऱ्यातल्या शूटरकडे गेला की आपली मुलं धावत जातात आणि तशीच पुढे निघून जातात, शूटर एक ड्रिबल टाकून मोकळा होतो. शेवटची दोन-तीन पावलं आखूड पडली पाहिजेत, कंबर खाली, शूटरचा जो हात शॉट मारतो त्याच बाजूचा हात वर, वजन टाचांवर न जाता पावलांच्या पुढच्या भागावर. निवड चाचणीत जाणकार माणूस पहिल्या दोन मिनिटांत हे पाहतो.

---

हडसनकाठ

अमेरिकी कॉलेजबद्दल मी लिहितो, कारण मुलं खेळात कमी पडण्याआधी कागदांत अडकतात.

एनसीएए म्हणजे अमेरिकी कॉलेज खेळांची मुख्य संघटना. तिच्या पहिल्या विभागात ३५० हून जास्त कॉलेजं आहेत. त्यांना नववी ते बारावीतले १६ ‘कोअर’ विषय-वर्षं लागतात: इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, या तिघांपैकी आणखी १, सामाजिक शास्त्र २ आणि उरलेली ४ याच विषयांतली किंवा परकी भाषा वगैरे. या विषयांची सरासरी अमेरिकी मोजमापात किमान २.३ हवी. एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांची सक्ती २०२३ ला उठली. काही कॉलेजं स्वतःच्या प्रवेशासाठी मागतात ते वेगळं. तुमच्या शाखेच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. नववी-दहावी मिळून गणिताची दोन वर्षं होतात. अकरावीला गणित सोडलं तर तिसरं वर्ष येणार कुठून? कला, वाणिज्य, विज्ञान काहीही घ्या, गणित सोडू नका.

शारीरिक शिक्षण, संगणकाचं टायपिंग, कार्यानुभव असले विषय मोजत नाहीत. गुणपत्रिका मराठीत असेल तर ओळीला ओळ इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, मूळ प्रतीसकट.

दोन गफलती आपल्याच मुलांच्या होतात. पहिली, ‘ज्युनिअर कॉलेज’ हा शब्द. आपल्याकडे तो अकरावी-बारावी. अमेरिकेत ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज. अर्जात तसं लिहिलं की समोरच्याला वाटतं मुलगा कॉलेजात गेलेला आहे. ‘हायर सेकंडरी, इयत्ता ११ आणि १२’ असंच लिहायचं.

दुसरी गफलत फार महागात पडते. मुलगा कुठल्याही देशातल्या कॉलेजात पूर्णवेळ दाखल झाला की त्याचं पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं, आणि त्या पाचांत चार मोसम खेळायचे असतात. ‘तोवर इथे एफवायबीए करतो’ म्हटलं की एक वर्ष गेलंच. बारावीनंतर फार काळ नुसतं थांबून संघटित स्पर्धा खेळत राहिलं तरी पात्रतेवर परिणाम होतो. म्हणून अर्ज अकरावीतच सुरू झाले पाहिजेत.

चित्रफीत कशी असावी: तीन ते चार मिनिटं, प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला मुलाभोवती गोल किंवा बाण, गाणं नको, संथगती नको. पहिले सहा तुकडे सर्वोत्तम, कारण बरेच जण पुढचं पाहत नाहीत. त्यात बचाव आणि पासही असू द्या. सोबत दोन पूर्ण, न कापलेले सामने: एक जिंकलेला, एक तगड्या संघाशी हरलेला. बूट काढून भिंतीशी मोजलेली उंची, हाताचा फैलाव, वजन, जन्मतारीख, बारावी कधी संपणार ते वर्ष. उंची एक इंच जरी फुगवली आणि मुलगा समोर उभा राहिल्यावर ती कमी भरली, तर बाकी सगळ्यावरचा विश्वास जातो.

पहिल्या विभागातल्या पुरुष संघाला पूर्वी १३ शिष्यवृत्त्या असत आणि महिलांना १५. त्यातल्या बऱ्याच जागा आता एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणाऱ्या, २१-२२ वर्षांच्या तयार खेळाडूंना जातात. त्यामुळे भारतातून थेट तिथे पोचणं अवघड होत चाललंय. जास्त व्यवहार्य दारं म्हणजे दुसरा विभाग, एनएआयए (छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना) आणि खरंखुरं अमेरिकी ज्युनिअर कॉलेज. तिथे दोन वर्षं खेळून वर जाता येतं. तिसऱ्या विभागात खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण अभ्यासाची आणि गरजेवर आधारित मदत असते. डंकन रॉबिन्सनने सुरुवात तिसऱ्या विभागातल्या विल्यम्स कॉलेजातच केली होती. मग मिशिगन, मग ड्राफ्टबाहेर, मग मायामीचा टू-वे, आणि २०२१ ला पाच वर्षांचा ९ कोटी डॉलरचा करार.

जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं. पण विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला अमेरिकेत राहून असं काम करणं व्हिसाच्या अटींत अडकतं. त्या पैशाचं आमिष कुणी दाखवलं तर आधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारा.

---

तीनचेतीन

हडसनकाठ, एक दुरुस्ती. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ज्या कॉलेजांनी ती व्यवस्था स्वीकारली त्यांना १३ ची मर्यादा उरली नाही. पुरुष आणि महिला दोन्ही संघांत १५ खेळाडूंची कमाल संख्या, आणि सगळ्यांना शिष्यवृत्ती देता येते. बाकी तुम्ही म्हणता ते बरोबर, वाढलेल्या दोन जागांचा फायदा बाहेरून येणाऱ्या पोरांना फारसा नाही.

वृषालीताई, थ्री-बाय-थ्री, म्हणजे तिघांविरुद्ध तिघांचा बास्केटबॉल, हाही एक रस्ता आहे. टोकियोपासून तो ऑलिम्पिक खेळ आहे. अर्धं मैदान, १० मिनिटं किंवा २१ गुण, शॉटला १२ सेकंद. फिबाच्या नोंदणीकृत स्थानिक स्पर्धेत खेळलं तरी खेळाडूच्या नावावर जागतिक क्रमवारीचे गुण जमा होतात. नोंदणी फुकट आहे, नाव आणि जन्मतारीख मात्र पासपोर्टप्रमाणेच टाका. ६ फूट ३ ते ६ फूट ६ च्या, बाहेरून शॉट असलेल्या, अंगाने दणकट मुलाला इथे किंमत आहे.

---

क्रीडाकोटा_विदर्भ

सगळे बाहेरचं बोलतायत. भारतात बास्केटबॉल खेळून घर चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पगार लीगमधून येत नाही, तो खात्यातून येतो: रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, आयकर, केरळचं वीज मंडळ, पंजाब पोलीस. पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडून खेळली आणि भारताची कर्णधार झाली. लीग आल्या आणि गेल्या. यूबीए ही लीग २०१५ ते २०१७ चालली, त्यात पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स असे संघही होते. २०२२ पासून आयएनबीएल ही लीग आहे. लीगचा पैसा हा वरकड धरावा, त्यावर हप्ते ठरवू नयेत.

रेल्वेची क्रीडा भरती कशी मोजतात ते नीट समजून घ्या. वय १८ ते २५, आणि यात कुठल्याही प्रवर्गाला सवलत नाही. १०० पैकी ५० गुण खेळातल्या कामगिरीचे, ४० प्रत्यक्ष चाचणीचे, १० शिक्षणाचे. चाचणीत ४० पैकी २५ च्या खाली आलात तर तिथेच बाद. कामगिरी चालू आर्थिक वर्षातली आणि आधीच्या दोन वर्षांतलीच धरतात. १७ व्या वर्षी मिळवलेलं राष्ट्रीय पदक २२ व्या वर्षी चालत नाही! मुलं इथेच फसतात. ज्युनिअरला चमकतात, मग तीन वर्षं फक्त कॉलेज करतात, आणि अर्जाच्या वेळी दाखवायला ताजं काही नसतं.

बहुतेक पदांना राष्ट्रीय स्पर्धेत किंवा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत किमान तिसरा क्रमांक लागतो. राष्ट्रीय स्तरावर पुरुषांत रेल्वे, सेनादल, तमिळनाडू, पंजाब हे वरचेवर पुढे असतात. महाराष्ट्राकडून खेळून पदक मिळवणं कठीण. त्यामुळे विद्यापीठ कुठलं, हा निर्णय नोकरीचाच निर्णय असतो. आंतरविद्यापीठात सातत्याने वर येणारी विद्यापीठं शोधा, चेन्नईचं एसआरएम हे एक. ती फी माफ करतात, राहणं-जेवण देतात, आणि बदल्यात दिवसाला दोन सराव घेतात.

स्पर्धांची वर्गवारी दोन समांतर रांगांत चालते. शालेय रांग १४, १७ आणि १९ वर्षांखालची: तालुका किंवा जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. बास्केटबॉल संघटनेची रांग वेगळी: १६ खालची युथ, १८ खालची ज्युनिअर, मग सिनियर. तुमचा मुलगा शालेय रांगेतच आहे. जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीला त्याला पाठवायलाच हवं, कारण भारतीय संघाची शिबिरं त्या रांगेतून भरतात. त्याचं १६ खालचं वर्ष संपत आलंय, म्हणजे यंदा नाही जमलं तर थेट १८ खालच्या गटात मोठ्या मुलांशी गाठ आहे.

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्र आधी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. पडताळणीत स्पर्धेचा दर्जा, संघटनेची मान्यता, संघयादी आणि क्रमांक पाहतात. भरतीची जाहिरात आल्यावर पडताळणीला धावलात तर मुदत निघून जाते. खेलो इंडियात निवड झाली तर महिना १० हजार रुपये खिशात आणि प्रशिक्षणाचा खर्च वेगळा.

---

वृषाली_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. एक, सराव किती करावा? सध्या शाळेचा सराव, सकाळी जिम आणि रविवारी क्लब मिळून आठवड्याला २२-२३ तास होतात, मैदान सिमेंटचं. गुडघ्याच्या खाली दुखतं म्हणतो, पण थांबायला तयार नाही. दोन, एका एजंटाने युरोपातल्या क्लबच्या ‘ट्रायल’साठी पैसे भरायला सांगितलेत. भरावेत का?

---

घोटा_गुडघा

ताई, २३ तास जास्त आहेत. वाढत्या वयासाठी ढोबळ नियम असा: आठवड्याचे शिस्तबद्ध सरावाचे तास वयाच्या आकड्याच्या वर जाऊ नयेत. म्हणजे तुमच्याकडे १५. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी, झोप ८ ते १० तास.

गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो उंचवटा लागतो तिथे बोटाने दाबल्यावर दुखतं का पाहा. या वयात भराभर उंची वाढताना मांडीचा स्नायू त्या हाडावरच्या वाढीच्या भागाला ओढत राहतो आणि तो सुजतो. दुखणं वाटीच्या लगेच खालच्या दोरीसारख्या भागात असेल तर ते उड्यांनी आलेलं टेंडनचं दुखणं. दोन्हींत उड्यांची संख्या कमी करणं हाच उपचाराचा पाया आहे. नुसता पट्टा बांधून खेळत राहिलं की सहा आठवड्यांचं काम सहा महिन्यांवर जातं. हाडाच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. विशेषतः रात्री दुखत असेल, सूज येत असेल किंवा चालताना लंगडत असेल तर थांबू नका.

सिमेंटवर उड्यांचे व्यायाम नकोत. ते मातीवर, गवतावर किंवा रबरी चटईवर. शॉटचा सराव सिमेंटवर चालेल, पण रिबाउंडच्या उड्या मोजून. बुटाचा तळ बाहेरच्या मैदानाचा, कडक रबराचा घ्या. लाकडी मैदानाचे मऊ तळ सिमेंटवर दोन-तीन महिन्यांत गुळगुळीत होतात आणि मग पाय घसरून घोटा जातो. घोटा एकदा मुरगळला की पुन्हा मुरगळण्याचा धोका वाढतो. लेसवाला ब्रेस आणि एका पायावर तोल धरण्याचे व्यायाम, रोज ५ मिनिटं, हे दोन्ही उपयोगी पडतात.

उतरताना गुडघे आत वळतात का, हे मोबाईलवर समोरून चित्रित करून पाहा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. तसा राहत नसेल तर आधी नितंबाच्या स्नायूंची ताकद वाढवायची, मगच उड्या. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने सामना नाही. १७ व्या वर्षी हे झालं तर कॉलेजची खिडकी हातची जाते.

जिममधल्या पावडरींबद्दल फार कळकळीने सांगतो. डब्यावर न लिहिलेले किंवा वेगळ्या नावाने लिहिलेले घटक सापडतात. सतनाम सिंगच्या नमुन्यात हायजेनामाइन हा बंदी असलेला पदार्थ सापडला आणि डिसेंबर २०२० ला नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) समितीने दोन वर्षांची बंदी जाहीर केली. हा पदार्थ चरबी घटवण्याच्या आणि व्यायामाआधीच्या पावडरींत आढळतो. पंधराव्या वर्षी दूध, अंडी, डाळ, भात, शेंगदाणे, केळी यावर भागतं.

---

करार_वाचा

वृषालीताई, पैसे भरू नका. खरा एजंट खेळाडूकडून आगाऊ काही घेत नाही. युरोपात एजंटाचं मानधन सहसा पगाराच्या १० टक्क्यांपर्यंत असतं आणि ते क्लब देतो. एनबीएत खेळाडूंच्या संघटनेने मर्यादा घातली आहे: जास्तीत जास्त ४ टक्के, किमान पगाराच्या करारावर २. त्या गृहस्थाकडे फिबाचा एजंट परवाना आहे का, ते फिबाच्या यादीत नाव टाकून पाहता येतं. शिवाय १८ खालच्या मुलाला परदेशी क्लबात नोंदवणं फिबाच्या नियमांत मुळातच अवघड आहे. म्हणजे या वयात अशी ‘ट्रायल’ यशस्वी झाली तरी क्लब त्याला खेळवणार कसा?

वीस-बाविशीत खरा करार समोर आला तर काय पाहायचं तेही लिहून ठेवतो. युरोपात आकडा बहुधा कर कापून हातात येणारा सांगतात, करार ८ ते १० महिन्यांचा, घर क्लबचं, वर्षाला ठरलेली विमान तिकिटं. वैद्यकीय तपासणी पोचल्यापासून किती दिवसांत होणार ते लिहून घ्या, कारण करार तोवर पक्का नसतो. पगाराच्या तारखा कोष्टकात हव्यात, आणि किती दिवस पगार थकला तर खेळाडू मोकळा होतो ते कलम हवं. छोट्या क्लबांत पगार थकणं नेहमीचं आहे. वाद झाला तर जिनिव्हाच्या बास्केटबॉल लवादाकडे, म्हणजे बीएटीकडे जाता येतं, पण करारात तसं कलम असेल तरच. नसेल तर त्या देशाच्या न्यायालयात वर्षं जातात. देश बदलताना जुन्या देशाच्या महासंघाचं ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’, म्हणजे ना-हरकत पत्र लागतं, त्याशिवाय मैदानात उतरता येत नाही.

भारतीय खेळाडूंना बाहेर जागा कमी मिळतात, त्यामागे एक कारण जागांच्या गणितातलं आहे. बहुतेक लीगमध्ये संघामागे परदेशी खेळाडू मोजके. त्या दोन-तीन खुर्च्यांसाठी क्लब अमेरिकी कॉलेजातून चार वर्षं खेळून आलेला माणूस घेतो. तरी अमज्योत सिंग आणि अमृतपाल सिंग जपानमध्ये खेळले, २०१७ ला अमृतपाल सिडनी किंग्जकडे, विशेष भृगुवंशी ॲडलेड थर्टीसिक्सर्सकडे गेले, आणि अमज्योत त्याच मोसमात जी लीगमध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लूकडे. तिघांची ही यादी पाहिली तर जवळपास सगळे ६ फूट ५ च्या वरचे आणि भारतीय सिनियर संघाचे आधारस्तंभ. म्हणजे बाहेरचा रस्ताही भारतीय संघाच्या जर्सीतूनच जातो.

पैशाचा अंदाज हवा होता म्हणून: २०२४-२५ ला एनबीएत नवख्याचा किमान पगार ११.५७ लाख डॉलर, टू-वेचा त्याच्या निम्मा, ५.७८ लाख, आणि टू-वेवाला जास्तीत जास्त ५० सामन्यांत वरच्या संघात बसू शकतो. नुसता जी लीगचा करार मोसमाला ४० ते ४५ हजार डॉलरच्या घरात. जी लीग आणि टू-वे या दोन पायऱ्यांत दहापटींहून जास्त फरक आहे, म्हणून तिथे एकेका जागेसाठी इतकी झुंज चालते.

---

वृषाली_सांगली

पैसे भरत नाही. गुडघा दाखवायची वेळ घेतली, तोवर जिम बंद. गणित ठेवून विज्ञान किंवा वाणिज्य, ते निकालावर ठरवू. या महिन्यात कुठले कागद गोळा करू?

---

क्रीडाकोटा_विदर्भ

जन्मदाखला आधी. नोंदणीची तारीख पाहा. जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी नोंद झालेली असेल तर निवडीच्या वेळी प्रश्न येतात आणि मनगटाच्या एक्स-रेवर वय ठरवतात. दाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्ट, चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव आणि तारीख तंतोतंत एक हवी. पासपोर्ट आत्ताच काढा, शिबिराला बोलावणं आल्यावर वेळ नसतो.

प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात ताब्यात घ्या, त्यावर क्रमांक, तारीख आणि सही-शिक्का आहे का पाहा. सोबत संघयादीची आणि निकालपत्रकाची प्रत आयोजकांकडून मागून ठेवा. तीन वर्षांनी ती कुणाकडेच सापडत नाही. मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका, शाई आणि शिक्का तपासता येत नाही. प्लास्टिकच्या पाकिटाची फाईल पुरे. आणि जिल्हा संघटनेत खेळाडू म्हणून त्याची नोंदणी झाली आहे का, ते उद्याच फोन करून विचारा. ती नसेल तर १८ खालच्या निवड चाचणीत त्याला उभंच करणार नाहीत.